त्या घरात कमावतं कोण?

सुध्या,

तू गेलास त्याच्या पाचव्या दिवशी तुझ्या घरचा फोन वाजला. मीना वहिनी आत पडल्या होत्या, म्हणून मी उचलला. पलीकडे गोड आवाजाची एक बाई.

"नमस्कार सर. तुमच्या घरातला टीव्ही चार दिवस बंद दिसतोय आम्हाला. मीटर नीट चालू आहे ना?"

"मीटर चालू आहे," मी म्हटलं. "माणूस बंद पडलाय."

"सॉरी सर? कोणता मेंबर?"

"एक नंबर."

"ओह. सो सॉरी, सर." मग कीबोर्डाची टकटक. "आणि सर, दोन नंबर साधारण कधीपासून बघायला सुरुवात करतील?"

दोन नंबर म्हणजे तुझी बायको. सुतकात टीव्ही लावत नाहीत हे त्या बाईला ठाऊक नसेल असं नाही, मराठीच होती. पण तिच्या समोरच्या पडद्यावर 'सुतक' असा पर्याय नसणार. मी "तेराव्यानंतर" म्हणालो, फोन ठेवला आणि तुझ्या खुर्चीकडे बघून पाच मिनिटं शिव्या घातल्या. तू असतास तर म्हणाला असतास, "अन्या, तिला कशाला देतोस? ती नोकरी करतेय. ज्यानं तिला तो प्रश्न लिहून दिला त्याला दे."

त्याचा पत्ता मिळेना, म्हणून हे लिहायला बसलोय.

राग कशाचा आला सांगू? तू नाहीस हे सगळ्यात आधी लक्षात आलं ते त्या पेटीच्या. पस्तीस वर्षं घाटकोपरच्या कॉलेजात पोरांना अर्थशास्त्र शिकवलंस. त्यांच्या ग्रुपवर तुझा फोटो पडला, खाली पंचवीसेक हात जोडले गेले आणि सव्विसावा मेसेज गाद्यांच्या सेलचा. सोसायटीच्या ग्रुपवर तुझ्या बातमीखाली पाण्याच्या टाकीचा वाद सुरू झाला. पेटी मात्र चार दिवस तुझी वाट बघत होती. एवढ्या निष्ठेनं या शहरात दुसऱ्या कोणी तुझ्यावर लक्ष ठेवलं नसेल. आणि तिला तू कशासाठी हवा होतास? तू साठीच्या पुढचा पुरुष, घरी फ्रिज आहे, वॉशिंग मशीन आहे, गाडी नाही, एवढ्याचसाठी.

पेटीबद्दल आता उघड बोलायला हरकत नाही. तू गेलास, ती उद्या जाणार आहे, आणि माझं काम तर आधीच गेलंय.

तीन वर्षांपूर्वी एक माणूस मुलुंडला तुमच्या दारात फॉर्म घेऊन आला. घरात माणसं किती, शिकलेली किती, काय काय वस्तू आहेत. मग टीव्हीला पेटी जोडली आणि एक जादा रिमोट दिला. घरातल्या प्रत्येकाला एक बटण. टीव्हीसमोर बसताना आपलं बटण दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. कोण काय बघतं ते पेटी मोजणार, आणि अशा काही निवडक घरांच्या आकड्यांवर कुठली मालिका जगणार नि कुठली मरणार ते ठरणार. अट एकच, कोणाला सांगायचं नाही.

तू इतका खूश झालास की शेजारच्यांना वाटलं, लेकीचं, जुईचं लग्न ठरलं. "आयुष्यभर पोरांना सॅम्पल म्हणजे काय ते शिकवलं," तू नंतर मला म्हणालास, "आता मीच सॅम्पल झालो. अन्या, माझ्या एका बोटामागे या शहरातली किती माणसं उभी आहेत, कल्पना आहे तुला?" बाथरूमला जायचं तरी तू बटण दाबून उठायचास. मी एकदा ते बघितलं आणि काळजीनं विचारलं, "हे काय, डायबेटिसचं यंत्र आहे का रे?" तुला खोटं बोलता यायचं नाही. कान लाल झाले आणि सगळं सांगून टाकलंस.

सांगितल्यावर तुला घाम फुटला. कारण त्या माणसानं विचारलं होतं, "घरातलं कोणी टीव्हीच्या क्षेत्रात काम करतं का?" तू म्हणाला होतास, नाही. खरंच होतं. मित्राचा रकाना फॉर्मात नव्हता. आणि रोज संध्याकाळी पाचला तुझ्याकडे चहाला येणारा हा मित्र पोटासाठी मालिकेचे संवाद लिहीत होता, साडेसातला लागणाऱ्या, सासू, सून आणि संगमरवरी जिन्याच्या मालिकेचे.

मग तू नियम काढलास. मी आलो की टीव्ही बंद. मी निघालो की चालू. तीन वर्षं आपण दोघं बंद टीव्हीसमोर बसलो, सुध्या. त्या पेटीचे माझ्यावर उपकार झाले ते एवढेच. शाळेपासूनची मैत्री, पण इतकं बोललो आपण त्या आधीच्या पन्नास वर्षांत नव्हतो.

बोललो म्हणजे भांडलो. तू पेपर पुढ्यात घेऊन बसायचास आणि वरची जाहिरातीची पानं कोबीच्या पाल्यासारखी एकेक सोलून खाली टाकायचास. "हे बघ, पहिलं पान सापडलं. चौथं आहे." टॉवरच्या जाहिराती, त्यात हसणारी चार माणसं, त्यांच्यामागे समुद्र. "मुलुंडला समुद्र? खाडी आहे रे बाबा, आणि तिच्याकडे तोंड करून हसून दाखव." बजेटच्या दुसऱ्या दिवशी तू सगळ्या चॅनेलांची नक्कल करायचास. 'स्वस्त' आणि 'महाग' असे दोन रकाने, त्यावर बाण, ढोल वाजल्यासारखं संगीत. "दरवर्षी मोबाईलचे सुटे भाग स्वस्त होतात. आयुष्यात मी सुटे भाग घेतले कधी? तूरडाळीचा रकाना कुठाय?" मग चौघं एकदम ओरडणारी चर्चा तू एकटा करून दाखवायचास, पाणी पिऊन पुन्हा सुरू. आतून वहिनी ओरडायच्या, "अहो, ब्लडप्रेशरची गोळी घेतलीत काय?"

पण तुझा खरा बाण माझ्यासाठी राखून ठेवलेला असायचा. चहाचा पहिला घोट झाला की यायचाच.

"काय लेखकराव. त्या तुमच्या घरात कमावतं कोण?"

माझ्या मालिकेतल्या घरात चौदा माणसं. सगळी सकाळी सातला जरीच्या साड्यांत आणि झब्ब्यांत जेवणाच्या टेबलाशी हजर. कोणी डबा घेऊन निघत नाही. कोणाला बस चुकत नाही. भाजीवाला येत नाही, गॅस संपत नाही, लाईटचं बिल येत नाही. विषप्रयोग आठवड्याला एक, पण तूरडाळ कितीला आणली हे कोणी कोणाला विचारत नाही. "अरे, कारस्थानं करायला तरी यांना वेळ मिळतो कसा, तर यांना कामच नाही! चौदा माणसांचं चालतं कशावर? जिन्याला पॉलिश कोण करतं? अन्या, लोकांच्या नोकऱ्या जातायत, माझे विद्यार्थी पार्सलं पोचवतायत, आणि संध्याकाळी घरी येऊन ते हे घर बघतात. त्यांना वाटतं, जगात सगळ्यांचं ठीक चाललंय, आपलंच काहीतरी चुकलं. हे पाप आहे."

मी हसण्यावारी न्यायचो. एकदाच तुला गप्प केलं. मी म्हटलं, "त्या घरात कोणी कमावत नाही, मान्य. पण त्या घराच्या जिवावर आम्ही चाळीस माणसं कमावतो. लाईटवाले, मेकअपवाले, चहा देणारे काका, शिवणकाम करणाऱ्या मावशी. ते घर बंद पडलं की चाळीस चुली बंद."

तू कपातला गाळ फिरवलास. मग म्हणालास, "मग त्या चाळीसांतल्या एकाला तरी त्या घरात घे की."

मी बिस्किट बुडवलं, ते तुटून कपात पडलं, आणि मी चमच्यानं ते काढण्यात अर्धा तास घालवला.

आता त्या आठ दिवसांबद्दल. तू सगळ्यांना चांगलं सांगितलंस माझ्याबद्दल, म्हणून कोणाला माहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी तुझी छाती पहिल्यांदा दुखली. तुला ॲडमिट केलं, वहिनी आणि जुई तिकडेच राहिल्या, घराची किल्ली माझ्याकडे. काम दोनच, तुळशीला पाणी आणि कढीपत्त्याला पाणी. त्याच आठवड्यात चॅनेलनं आम्हाला कळवलं होतं की आकडे असेच राहिले तर मालिका बंद. पहिल्या संध्याकाळी मी पाणी घालायला तुझ्या घरात शिरलो. साडेसात वाजत होते. समोर टीव्ही, बाजूला तो रिमोट. मी स्वतःला म्हटलं, अनंता, नुसतं बघ. मग म्हटलं, नुसतं लाव. मग मी तुझं बटण दाबलं.

बरं, एकदा पाप करायचं तर नीट करावं ना! तेही मला जमत नाही. मी वहिनींचं बटण दाबलं. जुईचं दाबलं. संध्याकाळचा भाग, दुसऱ्या दिवशी सकाळचं पुनर्प्रक्षेपण, दुपारचं पुनर्प्रक्षेपण, सगळ्याला तुम्ही तिघं हजर. तू अतिदक्षता विभागात नळ्या लावून पडला होतास आणि पेटीच्या दृष्टीनं तू सहकुटुंब दिवसातून तीनदा माझी मालिका बघत होतास. मी तुझ्या खुर्चीत बसून माझेच संवाद ऐकत होतो. पहिल्यांदाच सलग ऐकले. भयंकर आहेत रे! या भानगडीत कढीपत्ता वाळला तो वाळलाच.

आणि परिणाम झाला. मेहनत केलेले भाग पडले होते, या आठवड्याचे आकडे मात्र वर गेले. अंधेरीच्या ऑफिसात चॅनेलची तन्वी, जी मालिकेत काय चालणार ते ठरवते आणि माझ्या मुलीच्या वयाची आहे, टेबलावर थाप मारून म्हणाली, "सर, मुंबईत ज्येष्ठ पुरुष आपल्याकडे वळलेत! त्यांना आजोबा आवडतायत!" आमच्या मालिकेतले आजोबा तेव्हा कोमात होते, चार भागांत जाणार होते. त्यांना ताबडतोब उठवलं. आठवड्याभरात ते नातीच्या हळदीला नाचले.

तू घरी आलास तेव्हा पेटीवाला माणूस तपासणीला आलेला. "सर, आठवडाभर तुम्ही तिघं एकच चॅनेल, दिवसातून तीन वेळा. रिमोट दुसरं कोणी हाताळतं का?" तुझ्या हातात हॉस्पिटलची फाईल. मी दारात उभा, हातात मेलेल्या कढीपत्त्याची कुंडी. तू माझ्याकडे बघितलंस. एकदाच.

"आजारी होतो," तू म्हणालास. "पडल्या पडल्या तेच बघत होतो."

डायबेटिसच्या यंत्राचं साधं खोटंसुद्धा ज्याला सांगता आलं नाही, तो माझ्यासाठी सरळ खोटं बोलला. कान लाल झाले होते तुझे. पेटीवाल्याला वाटलं, अशक्तपणा.

तो गेल्यावर तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू हळू बोललास. "अन्या, माझ्या कपाटातून काही उचललं असतंस तर मी हसलो असतो. तू माझं मत उचललंस. या घरात माझ्या मालकीचं तेवढंच होतं." आणि मग, तुझा स्वभाव, न राहवून, "माझ्या बटणानं एक म्हातारा कोमातून उठला. मला मात्र रक्तवाहिनीत दोन ठिकाणी फुगे घालून उघडावं लागलं."

मी हसलो. तू हसला नाहीस. सतरा दिवस चहा बंद.

अठराव्या दिवशी तू बोलावलंस आणि अट घातलीस. "मी तुझ्यासाठी खोटं बोललो. त्याची भरपाई हवी. एक सीन लिही. त्या घरात कमावतं कोण, एकदा दाखव. मग आपण मिटवू."

मी लिहिला, सुध्या. शप्पत लिहिला. आजोबा टेबलाशी बसलेत, सूनबाई नारळ फोडतेय, नारळ केवढ्याला मिळाला ते सांगतेय. आजोबा चौदा माणसांकडे बघतात आणि विचारतात, "काय रे, या घरात कमावतं कोण?" सगळे एकमेकांकडे बघतात. शेवटी पोळ्या लाटणारी बाई, जी तीनशे भाग मागे पाठमोरी उभी आहे, वळते आणि म्हणते, "मी कमावते ना, बाबा."

चांगला होता. माझ्या हातून आलेला बऱ्याच वर्षांनी चांगला. आणि मी तो चॅनेलला पाठवलाच नाही. आकडे नुकते सुधारले होते. मी भ्यालो. घडी घालून चेकबुकाच्या कव्हरात ठेवला.

तू विचारायचास, "काय झालं सीनचं?" मी म्हणायचो, शूट होतोय, एडिटला आहे, पुढच्या आठवड्यात. मग एका दिवशी कंटाळून म्हटलं, "अरे दाखवला ना! गेल्या गुरुवारी. तू कुठे बघतोस माझी मालिका?"

तू चष्मा काढलास, बनियनच्या टोकानं पुसलास. "अस्सं? छान झाला असेल," म्हणालास. आणि आत हाक मारलीस, "मीना, अन्याला अजून अर्धा कप दे."

त्या दिवसापासून तू तो प्रश्न विचारणं बंद केलंस. मला वाटलं, सुटलो. खरं सांगतो, मला वाटलं, जिंकलो.

तुझ्या दहाव्याला वहिनी पेटीकडे बघत म्हणाल्या, "आता ही नेतील मेली. बरां झाला. हिच्यापायी ते सैपाकघरात बसायचे."

"स्वयंपाकघरात? कशाला?"

"तुमची मालिका बघूक."

मग त्यांनी मला आत नेऊन जागा दाखवली. तांदळाच्या डब्याला टेकवून स्टीलची वाटी, वाटीत मोबाईल, कारण वाटीत ठेवला की आवाज मोठा येतो. समोर स्टूल. रोज साडेसातला तू तिथे बसायचास. "मी म्हणायची, अहो बाहेर एवढा मोठा टीव्ही आहे. तर म्हणायचे, तिथे लावला तर मोजला जाईल. मी अन्याचा मित्र म्हणून बघतोय, त्याचा आकडा व्हायला नको. हॉस्पिटलातून आल्यापासून एक भाग चुकवला नाही, भावजी. जुईच्या साखरपुड्याच्या दिवशीसुद्धा जिन्यात उभे राहून बघितला."

एक भाग चुकवला नाही.

म्हणजे तो गुरुवारचाही बघितला होतास. म्हणजे मी खोटं बोलत होतो त्या क्षणी तुला ठाऊक होतं की मी खोटं बोलतोय. आणि तू चष्मा पुसलास. आणि अर्धा कप चहा मागवलास. त्यानंतरची दीड वर्षं तू रोज त्या स्टुलावर बसून वाट बघितलीस, आज दाखवेल, उद्या दाखवेल. कानफटात मारायची होतीस ना रे! एवढं सभ्य कशाला व्हायचं माणसानं? मी तुझ्यावरही चिडलोय, हे लिहून ठेवतो. मला 'खोटारडा' म्हणायचा तुझा हक्क होता आणि तो न वापरता तू निघून गेलास.

तेरावं झाल्यावर तिसऱ्या दिवशी अंधेरीला मीटिंग. तन्वीला तुझं कळलं होतं. खरंच वाईट वाटलं तिला, पाणी पुढे केलं. मग म्हणाली, "सर, बोलू का नको कळत नाही. पण आजोबांचा मृत्यू आता करूया का? तुम्ही आत्ता त्या मनःस्थितीत आहात. खरं उतरेल. दोन आठवड्यांचा ट्रॅक होईल."

माझ्या आयुष्यात मी विनोदाशिवाय कशालाच तोंड दिलेलं नाही. पण तेव्हा काही सुचलं नाही. तुझ्या मरणाचे त्यांनी बारा भाग पाडले होते, रविवार वगळून. मी चेकबुकाच्या कव्हरातून घडी काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

तिनं वाचलं. बाईच्या वाक्याला ती मोठ्यानं हसली, मनापासून. मग कागद टेबलावर ठेवला. "सर, मस्त आहे. पण होणार नाही."

"का? जाहिरातदारांना चालणार नाही?"

"ते वेगळं. हा बाईचा डायलॉग आहे ना, तोच प्रॉब्लेम. ती पाठमोरी उभी राहते तोवर तिचा दर वेगळा. तोंड उघडलं की दर वाढतो. प्रॉडक्शन मानणार नाही." मग तिनं मदत करायची म्हणून सुचवलं, "तिनं नुसतं हसून बघितलं तर?"

ऐकतोयस ना, सुध्या? त्या घरात कमावणारी एकच बाई आहे, आणि ती कमावते हे तिनं म्हणायचं नाही, कारण म्हटलं तर तिला कमाई द्यावी लागेल! तुझ्या सगळ्या अर्थशास्त्राच्या तासांत तू हे इतकं सोपं करून सांगितलं नसशील. मोबाईलचे सुटे भाग स्वस्त होतात, जिन्याला नवा संगमरवर येतो, हळदीला दोनशे माणसं नाचतात, आणि एका बाईच्या चार शब्दांना बजेट नाही. हे करोडो लोक बघतात म्हणे. कोणाला काही दिसत नाही, कारण ती पाठमोरी आहे. आणि तिला इतकी वर्षं पाठमोरी उभी कोणी केली? मी. 'बाई पोळ्या लाटते आहे' असं कंसात लिहून लिहून, मी.

मी म्हटलं, "आजोबांना मी मारणार नाही." आणि ताडकन उठून निघालो. बाहेर पडायचं दार काचेचं, ढकलायचं होतं. मी तत्त्वासाठी लढणाऱ्या माणसाच्या जोरानं ते ओढत राहिलो. शेवटी तन्वीनं येऊन ढकललं. "सर, टेक केअर," म्हणाली. शूरपणानं निघून जाणंसुद्धा मला एकट्याला जमलं नाही.

आजोबा परवा गेले. नव्या लेखकानं मारले. मी पाहिलं नाही, पण लिफ्टमध्ये जोशी काकू म्हणाल्या, छान रडवलं. आणि हो, आता माझ्या घरात कमावतं कोण, याचं उत्तर एकदम सोपं झालंय. सुलभा. बायकोच म्हणते, गेली बावीस वर्षं हेच उत्तर होतं, तुम्ही विचारलं नाहीत.

पेटीवाल्यालाही फोन केला. म्हटलं, दोन वर्षांपूर्वी त्या घरात आठ दिवस बटणं मी दाबली, ते गृहस्थ हॉस्पिटलात होते, तुमच्याशी खोटं बोलले ते माझ्यासाठी, त्यांच्या नावावरचं ते काढून टाका. तो चांगला माणूस होता, ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, तो डेटा तेव्हाच गेला पुढे. आता त्याचं काही होत नाही. पेटी शुक्रवारी घेऊन जातो." बस. चूक कबूल करायला दोन वर्षं घेतली आणि घ्यायलाच कोणी नाही. त्या आकड्यावर म्हातारा उठला, नाचला, जाहिराती लागल्या, साबण खपले. खोटं होतं ते कोणाला नकोच आहे. खरं होतं तेही नको होतं. एकट्या तुला हवं होतं.

म्हणून आज पाचला तुझ्याकडे गेलो. नेहमीसारखा. टीव्ही बंद. वहिनींनी चहा ठेवला, सवयीनं तीन कप काढले आणि एक परत ठेवला. मी कागद उघडला आणि तुझ्या खुर्चीकडे तोंड करून वाचायला लागलो. नाटकी वाचतो मी, तुला माहितीय. सासूचा आवाज वेगळा, आजोबांचा वेगळा. सूनबाई नारळ फोडते, म्हणते, "बाई गं, पंचवीस रुपयांना एक झाला नारळ!"

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "नारळ पंचवीसाक? खंय गावता तो? माका पण दोन आणून द्या."

मी थांबलो.

"कधी लिहिलात हे, भावजी?"

वेंगुर्ल्याच्या बाईपुढे नारळाचा भाव चुकवून चालत नाही. दोन वर्षं मी जे कोणाला सांगितलं नव्हतं ते एका नारळानं उघडं पाडलं. मी त्यांना सगळं सांगितलं. गुरुवारचं खोटं, चेकबुकाचं कव्हर, सगळं. त्या रागावतील असं वाटलं. त्या उठल्या, फोनच्या बाजूचं पेन आणलं आणि माझ्यापुढे धरलं. "आधी भाव दुरुस्त करा. त्यांना चूक खपायची नाही."

पंचवीस खोडलं. वहिनींनी सांगितला तो आकडा वर लिहिला. आणि पहिल्यापासून पुन्हा वाचलं, शेवटपर्यंत. बाई वळली. "मी कमावते ना, बाबा."

वहिनी हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग खुर्चीकडे वळून म्हणाल्या, "ऐकलात काय?"

पेटीचा लाल दिवा चालू होता. तिनं काही मोजलं नाही.

सीन दाखवला, सुध्या. आणि आज गुरुवार होता.